आतड्यांच्या जिवाणूंतले प्लाझ्मिड: आता शॉर्ट रीड सोडायचे का?

आगार_प्लेट
माझं मत स्पष्ट आहे: प्लाझ्मिडसाठी (जिवाणूच्या गुणसूत्राबाहेरच्या, बहुधा वर्तुळाकार डीएनएसाठी) नुसते इलुमिना मशीनचे १५० बेसचे शॉर्ट रीड, म्हणजे डीएनएचे वाचलेले छोटे तुकडे, वापरणं बंद करावं. आयएस२६ हा डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणारा घटकच ८२० बेसचा. त्याच्या दोन-चार प्रती असल्या की असेंब्ली (रीड जोडून मूळ क्रम उभा करणं) प्रत्येक ठिकाणी तुटते. आमांश करणाऱ्या शिगेलाच्या सुमारे २२० किलोबेसच्या आक्रमण-प्लाझ्मिडवर (आतड्याच्या पेशीत शिरायचे जीन असलेल्या) तर आयएस घटकांची नुसती खोगीरभरती! जीन 'आहे' एवढं कळतं, कुठे आहे ते कळत नाही. सिंधमध्ये २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडमध्ये जुन्या औषधांचा प्रतिकार गुणसूत्रावर, तर सीटीएक्स-एम-१५ आणि क्यूएनआर-एस हे प्रतिकाराचे जीन आयएनसी-वाय प्रकारच्या प्लाझ्मिडवर होते. हा फरक कळल्याशिवाय प्रतिकार पुढे कसा पसरेल, हे काय डोंबल सांगणार?

पिपेट
पटलं नाही. हजारो बेस सलग वाचणारे लाँग रीडवाले मोठे प्लाझ्मिड मिरवतात, छोटे गाळतात. लिगेशन किटमध्ये (लाँग रीडसाठी डीएनए तयार करायच्या एका पद्धतीत) अडॅप्टर, म्हणजे मशीनसाठी लावायचा जोडतुकडा, चिकटायला डीएनएचं मोकळं टोक लागतं. अखंड वर्तुळाला टोकच नाही. त्यात लहान तुकडे काढणारी सफाई केली की उरलंसुरलंही गेलं. साल्मोनेलात क्यूएनआर-बी१९ हा प्रतिकाराचा जीन बरेचदा जेमतेम ३ किलोबेसच्या प्लाझ्मिडवर असतो. तो निसटला तर अहवालात चक्क 'जीन नाही' येईल. इलुमिनात तो ठसठशीत दिसतो.

आगार_प्लेट
मग रॅपिड किट घ्या. त्यातलं ट्रान्सपोझेज एन्झाइम वर्तुळ स्वतःच कापतं, बहुतेकदा एकदाच, म्हणजे अख्खा छोटा प्लाझ्मिड एका रीडमध्ये. रीड गाळताना किमान लांबी ५,००० बेस ठेवू नका, १,००० ठेवा. दोष किटचा, तंत्राचा नव्हे.

पिपेट
आणि लाँग रीड जोडणारं फ्लाय सॉफ्टवेअर तोच प्लाझ्मिड दोनदा जोडून दुप्पट लांबीचा दाखवतं, त्याचं काय? मिथिलेशनच्या जागी (जिथे बेसवर मिथाइल गट चिकटलेला असतो) चुकीचे बेसही येतात. साथीत दोन नमुन्यांत ३-४ बेसचा फरक मोजायचा असेल तर मी शॉर्ट रीडने पॉलिश केल्याशिवाय, म्हणजे चुका दुरुस्त केल्याशिवाय, सही करणार नाही.

काँगो_रेड
तुमचं भांडण मशीनवर चाललंय, प्लाझ्मिड त्याआधीच प्लेटवर हरवलेला असतो. शिगेला सोनेईचा आक्रमण-प्लाझ्मिड फार ठिसूळ. ३७ अंशांवर त्याचे जीन चालू होतात, त्याचा भार पेशीवर पडतो, आणि प्लाझ्मिड टाकलेल्या पेशी पुढे निघतात. ०.०१ टक्के काँगो रेड हा रंग घातलेल्या आगारवर लाल वसाहत उचला. पांढरी म्हणजे बहुधा प्लाझ्मिड गेला. वाढ ३० अंशांवर केली तर प्लाझ्मिड टिकतो, पण रंगाची परीक्षा तिथे करू नका, सगळंच फिकट दिसेल. पहिल्याच प्लेटवरून १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठा करा. डीएनए काढताना व्होर्टेक्स (जोरात घुसळणारं यंत्र) नको.

पिपेट
प्रतिकाराचा प्लाझ्मिड टिकवायचा तर माध्यमात १ मिग्रॅ/लिटर सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक घाला, काम झालं.

काँगो_रेड
झालं कसं? त्याने फक्त सीटीएक्स-एमचा प्लाझ्मिड टिकेल, शेजारचा आक्रमण-प्लाझ्मिड नाही. वर, मूळ नमुन्यात किती पेशींत तो होता हे कायमचं झाकलं जाईल. औषध घातलेली आणि बिनऔषधाची, दोन्ही प्लेट ठेवा.

आगार_प्लेट
प्लेटचं मान्य. शॉर्ट रीडचं अजून नाही. गुणसूत्राची खोली (एकेक बेस किती रीडमध्ये वाचला गेला ते) ५० पट आणि छोट्या प्लाझ्मिडची ५ पट आली, तर लायब्ररीतच (मशीनसाठी तयार केलेल्या डीएनएतच) गडबड आहे हे लाँग रीडमध्येही दिसतं की. तेवढं बघायला दुसरं मशीन कशाला?