मदत हवी आहे: आतडे-मेंदू आकृतीत बाण कुठून कुठे काढू?

शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यासाठी आकृती करतोय. आतड्यातलं सिरोटोनिन (पेशींमधला निरोप्या रेणू) रक्तातून मेंदूत शिरत नाही. मग मळमळीचा निरोप त्याच्यामुळे वर जातो, हे कसं दाखवायचं? पोट भरल्याची जाणीव आणि पोटातली कळ, दोन्ही व्हेगस नर्व्हवरच (मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या चेतातंतूंच्या जुडीवरच) काढू का?

उत्तर १
सिरोटोनिनला वर जायची गरजच नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सिरोटोनिन आतड्यात, मुख्यतः अस्तरातल्या एन्टेरोक्रोमॅफिन पेशींत तयार होतं. विषारी पदार्थ लागला की या पेशी ते बुडाच्या बाजूने, म्हणजे अन्नाच्या उलट दिशेला, सोडतात. अस्तराखाली टेकलेल्या व्हेगसच्या टोकांवर ५-एचटी३ ग्राही (सिरोटोनिन चिकटलं की उघडणारी प्रथिनांची दारं) असतात. ते उघडतात, सोडियम आत येतं, विद्युत आवेग उठतो. वर जातो तो फक्त आवेग. ऑन्डॅनसेट्रॉन हे मळमळीवरचं औषध हेच ग्राही अडवतं. आतड्याच्या स्वतःच्या चेताजाळ्यातही ते असल्याने या औषधाने बद्धकोष्ठ होतं.

व्हेगसचं टोक अन्नापर्यंत पोचलेलं मात्र काढू नका. ते अस्तराच्या खालीच थांबतं; बहुतेक आकृत्या इथेच चुकतात.

उत्तर २
कळ वेगळ्या वाटेने जाते. जठर ताणलं गेल्याची खबर व्हेगस नेते. स्निग्धांश आणि प्रथिनं लहान आतड्यात आली की सुटणाऱ्या सीसीके (कोलेसिस्टोकायनिन) संप्रेरकाची खबरही तीच नेते. तीव्र वेदना मुख्यतः स्प्लँकनिक नर्व्हमधून (पोटातल्या अवयवांना मज्जारज्जूशी जोडणाऱ्या नर्व्हमधून) मज्जारज्जूत जाते. म्हणून दोन रंग वापरा. व्हेगसमधले साधारण ८० टक्के तंतू वर जाणारे आहेत, तेव्हा वरचा बाण जाड हवा.

प्रश्नकर्ता
दोन्ही रंग वापरतो. आतड्यापासून मेंदूपर्यंत एकच चेतापेशी काढू का?

उत्तर १
हो, पण मेंदूच्या उंबरठ्यापर्यंतच. पेशीकाय (चेतापेशीचा केंद्रक असलेला मुख्य भाग) कवटीच्या तळाशी, नोडोज गँग्लियन या व्हेगसच्या पेशींच्या गाठीत काढा. एक फांदी आतड्याकडे, दुसरी मस्तिष्कपुच्छातल्या (मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागातल्या) न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस या चेतापेशींच्या पुंजाकडे. पुढची पेशी तिथून सुरू होते. यातले बहुतेक तंतू मायलिनविरहित (वेग वाढवणारं स्निग्ध आवरण नसलेले), वेग सेकंदाला साधारण १ मीटर. अर्ध्या मीटरच्या वाटेला अर्धा सेकंद लागतो.

उत्तर २
व्हेगस गुदाशयापर्यंत ओढू नका. मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाच्या शेवटाजवळ तिची हद्द संपते. त्यापुढे मज्जारज्जूच्या तळाकडच्या त्रिक (सेक्रल) भागातल्या एस२ ते एस४ मधून येणाऱ्या पेल्व्हिक नर्व्ह दाखवा.