आधी मोजा, मग बदला

नवी बॅटरी टाकूनही व्हॅन दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही, शिवाय आयडलिंगला हेडलाइट मंद होतात. ही दोन वेगळी दुखणी असू शकतात, त्यामुळे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) लगेच बदलू नका.

इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात का पाहा. मिळत असतील, तर हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडी-इंजिनला जोडणारी) गंजलीय. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा.

उभ्या गाडीत बॅटरी उतरवणारी करंटची गळती शोधायला, इंजिन बंद करून निगेटिव्ह केबल बॅटरीवरून काढा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून केबल आणि टोक यांच्या मधे जोडा. दारं बंद करून अर्धा तास थांबा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा; ज्याने आकडा खाली येतो, गळती त्याच लाइनवर.

माझा पहिला संशय बाहेरून बसवलेल्या स्टिरिओवर: पिवळी (कायम सप्लायची) आणि लाल (चावीबरोबर चालू होणारी) वायर एकत्र जोडली असेल तर तो रात्रभर जागाच राहतो. मागच्या दाराच्या रबरी नळीतल्या वायरीही वाकवून बघा, तिथे इन्सुलेशन हमखास फाटतं.