दिवाळीला मुलीसाठी कोरं काहीतरी: वाढत्या अंगाचा फ्रॉक घ्यावा की परकर-पोलकं शिवावं?

परळची_आई
लेक नऊ वर्षांची, उंची 130 सेंमी. एरवी मावसबहिणीचे आखूड झालेले कपडे हिला येतात. यंदा मात्र कोरं आणि तिच्याच मापाचं घ्यायचंय. बजेट 2000 रुपये, पण दोन दिवाळ्या तरी निघायला हव्यात. तयार फ्रॉक दोन मापं मोठा घेऊ, की खणाचं परकर-पोलकं शिवून घेऊ? कापड किती लागेल?

शिवणघर
ताई, दोन मापं मोठा मुळीच नको. खांदा उतरला की गळा मागे ओढला जातो आणि पोर ऐन सणात गळाच सावरत बसते. या वयात उंची वर्षाला साधारण 5-6 सेंमी वाढते, म्हणजे दोन-अडीच इंच. तेवढं लांबीत राखा, थोडं छातीत, खांद्यात काहीच नाही. खांदा नंतर वाढवता येत नाही.

शिवून घ्या. खणाचा काठ तळाशी यायला हवा, म्हणून कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, हीच परकराची लांबी. कमर ते घोटा मोजा, 29-30 इंच भरेल. घेराला अडीच मीटर, पोलक्याला एक, एकूण साडेतीन. पन्हा अरुंद असेल तर राखायला कापडच उरत नाही. मग नेफा, म्हणजे नाडी ओवायची पट्टी, खणात न काढता वेगळ्या सुती कापडाचा जोडा.

वाढीचा टक, म्हणजे नंतर उसवता येईल अशी शिवलेली आडवी घडी, काठाच्या वर घालायची पद्धत आहे, पण खणावर तो उसवला की जुनी घडी पट्ट्यासारखी उठून दिसते. टक कमरेजवळ घाला, पोलक्याखाली झाकतो. एक इंची टक उसवला की दोन इंच लांबी मिळते.

टेप_आणि_कात्री
वरचं सगळं पटलं. पोलक्याचं मी सांगतो, कारण तिथेच घोळ होतो. छातीच्या मापात तीन इंच ढिलाई धरा, शिवाय दोन्ही कुशींना, पुढच्या आणि मागच्या भागात, एकेक इंच दाब, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. या चारही कडांना पाऊण-पाऊण इंच सोडवला की छातीच्या घेरात एकूण तीन इंच मिळतात. पण बाहीच्या शिवणीतही तेवढाच दाब हवा. अंगात सोडलं आणि बाहीत नाही, तर मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मोठा होतो, बाही पुरत नाही आणि काखेत चुण्या पडतात.

टेलरला बजावून सांगा: इंटरलॉक करताना, म्हणजे कडा सुटू नयेत म्हणून मशीनने बांधताना, दाब कापायचा नाही. मशीनची सुरी कडा छाटते, आणि घाईत अर्धा इंच कधी गेला ते कळतही नाही.

अस्तर सुतीच घ्या, पण शिवण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. कोरं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, खण तेवढा आटत नाही, आणि सगळं पोलकं गोळा होतं. लाल, जांभळ्या खणाचा तुकडा ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघा, रंग लागला तर दुसरा घ्या.

दादर_पश्चिम
खण दादरलाच बघा. अस्तर, साधं सुती, नेफ्याचं कापड यासाठी हवं तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट, फक्त रविवारी जाऊ नका, बंद असतं. दुकानदाराला आकडा आधी सांगा. भारी थान एकदा मुलीसमोर उलगडलं की मग तुम्हीच वाईट ठरता! बजेटमधले तीन-चार खण बाजूला काढून घ्या आणि रंग तिला निवडू द्या. तिला नको असलेला रंग कितीही स्वस्त मिळाला तरी कपाटातच राहतो.

दसऱ्याच्या आत टेलरकडे कापड पोचलं पाहिजे. त्यानंतर बरेच टेलर नवं काम घेत नाहीत, घेतलं तरी ट्रायलला वेळ देत नाहीत.

परळची_आई
ठरलं, परकर-पोलकंच. मागे चेन लावू की हूक?

टेप_आणि_कात्री
हूक. चेन लावली की मागची शिवण अडकते, ती सोडवताच येत नाही. मागे बटणपट्टी दीड इंच रुंद ठेवा आणि हूक अडकवायच्या आकड्यांच्या दोन रांगा लावा, अर्ध्या इंचाच्या अंतराने. यंदा आतली रांग, पुढच्या वर्षी बाहेरची. परकराला इलॅस्टिक नको, नाडीच घाला. इलॅस्टिक दोन वर्षांत सैल पडतं आणि खणाच्या वजनाने परकर खाली ओढला जातो.