अध्याहृत कर्ता: मराठीत चालतो, इंग्रजीत का अडतो?

प्रश्न, पारोळा
आठवीतल्या भाच्याचं इंग्रजी घेतेय. त्यानं लिहिलं, 'वेंट टू धुळे यस्टरडे.' कर्ता नाही म्हणून मी खूण केली. तो म्हणाला, "मावशी, 'काल धुळ्याला गेलो' हे पूर्ण वाक्य आहे ना? तिथे कर्ता अध्याहृत म्हणतात, मग इथे का नाही?" अध्याहृतचा नेमका अर्थ काय, आणि त्याला पटेल असं कसं सांगू?

उत्तर, धुळे
ताई, भाच्याची शंका रास्त आहे, खूण करून सोडून देऊ नका. 'अधि' आणि 'आ' हे उपसर्ग, 'हृ' म्हणजे नेणे-आणणे. न उच्चारलेलं पद अर्थासाठी मनानं आणून बसवणं म्हणजे अध्याहार. त्यामुळे अध्याहृतचा अर्थ 'गाळलेला' असा सांगतात तो मला अपुरा वाटतो. अध्याहृत शब्द वाक्यात असतोच, फक्त ऐकू येत नाही.

पण तो कुठून आणायचा याची खूण हवी. मराठीत ती क्रियापदात असते. 'गेलो' म्हटलं की मी किंवा आम्ही, 'गेलीस' म्हटलं की तू, आणि तीही बाईमाणूस. इंग्रजी 'वेंट' मात्र आय, यू, ही, शी, दे सगळ्यांना एकच. क्रियापद कर्त्याचा पत्ता देत नाही, म्हणून कर्ता तोंडानं सांगावा लागतो.

घरात अहिराणी असेल तर काम आणखी सोपं. 'मी जास, तू जास, तो जास.' एकवचनात तिन्हीकडे 'जास'च! नुसतं 'जास' लिहून भाच्याला विचारा, कोण जातंय? तो अडेल, आणि 'गो'च्या आधी 'आय' का लागतो ते त्याला आपोआप कळेल. अनेकवचनात 'जातस' होतं, तेही दाखवा. उदाहरण वर्तमानकाळाचंच घ्या. भूतकाळात अहिराणीही लिंग-वचन दाखवते, तिथे हा दाखला लागू पडत नाही. बोलीनं मुलांचं इंग्रजी बिघडतं असं म्हणणाऱ्यांनी हा 'जास' जरूर बघावा.

उत्तर, रावेर
आमच्याकडे लेवा बोली, म्हणून अहिराणीबद्दल बोलत नाही. पण मुलं कर्त्याइतकीच क्रियापदाशी अडतात. 'माझे वडील शेतकरी' हे आपल्याकडे पुरं वाक्य. त्यावरून 'माय फादर फार्मर' येतं. इंग्रजीला तिथे 'इज' हवाच, आणि फार्मरच्या आधी 'अ'.

दुसरं, 'मला केळी आवडतात.' इथे 'आवडतात' हे रूप केळ्यांमुळे आलं, मी एकटाच असलो तरी. इंग्रजीत उलट: ज्याला आवडतं तोच कर्ता, 'आय लाईक बनानाज.' 'मला'साठी इंग्रजीतलं 'मी' (me) पाठ केलेलं असतं, म्हणून मुलं वाक्य 'मी लाईक'नं सुरू करतात. आणि 'पाऊस पडतोय'मध्ये पाऊस कर्ता आहे, पण इंग्रजीत तो 'रेनिंग' या क्रियापदातच शिरला. कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून 'इट इज रेनिंग' असा 'इट' बसवतात. त्या 'इट'ला अर्थ शोधू नये.

पारोळा
भाऊ, 'जास' लगेच पटलं त्याला. आता विचारतोय, 'कम हिअर'मध्ये कर्ता कुठे?

धुळे
तिथे खरोखर अध्याहृत आहे, 'यू'. आज्ञा समोरच्यालाच करतात, त्यामुळे दुसरा कोणी संभवत नाही. खूण असली की इंग्रजीतही चालतं.

ताई, पुढचा धडा 'बिकॉज आय वॉज इल'चा घ्या. कर्ता आहे, क्रियापद आहे, तरी लिहिताना ते एकटं वाक्य होत नाही. 'बिकॉज'मुळे ते गौण वाक्य झालं, त्याला 'आय डिड नॉट गो टू स्कूल' असं मुख्य वाक्य जोडावं लागतं. 'का आला नाहीस?' या प्रश्नाला तोंडी उत्तर म्हणून मात्र ते चालतं. हा लिहिण्या-बोलण्यातला फरक त्याला आधीच सांगून ठेवा.