मदत हवी आहे: वडिलांच्या पश्चात आईला पीएम किसान कसं मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही करवीर तालुक्यातले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये, एप्रिलात, वडिलांच्या खात्यावर पीएम किसानचे २००० रुपये आले होते. बाजार बंद, मळ्यातला कोबी जनावरांना घातलेला. त्या पैशातनं पेंड आली. पासबुकातली ती ओळ आई अजून बोट ठेवून दाखवते.

गेल्या साली वडील गेले. वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर आईचं नाव लागलंय, आधार बँकेला जोडलंय, ई-केवायसी झालंय. तरी ‘१ फेब्रुवारी २०१९ नंतरची जमीन’ म्हणून अर्ज परत आला. वारसानं आलेल्या जमिनीला तर या अटीतनं सूट आहे! फेरफार आणि मृत्यूचा दाखला जोडून पुन्हा अर्ज करायचा, की तालुका कृषी कार्यालयात जायचं? कुणाचं असं काम झालं असेल तर कृपया सांगा. आईचे हेलपाटे बघवत नाहीत.