मदत हवी आहे: ताईच्या गुडघ्यासाठी लहान साईझचं इम्प्लांट कुठे मिळेल? (तातडीचं)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. ताईचे दोन्ही गुडघे संपलेत. डॉक्टर बदलायलाच सांगतायत, पण म्हणाले, "साईझ बसेल का बघावं लागेल, मुंबईहून मागवू." शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. लहान साईझ मिळते का, खर्च किती, कोणी केलंय का? एवढंच हवंय. काढे-तेलं झालीत सगळी.

खडूस_काका
वय? वजन? गाव? एवढ्यावरून ज्योतिषीसुद्धा सांगणार नाही.

कृष्णाकाठ
वय ४३, वजन ४१ किलो, सांगली. वजन कमी करा असं कृपया कोणी लिहू नका.

पारिजात
त्रेचाळिसाव्या वर्षी गुडघे बदलू नका हो! वीसेक वर्षांनी परत करावे लागले तर? माझ्या सासूबाईंनी पारिजातकाच्या पानांचा काढा घेतला, आज सत्तरीत जेजुरी चढतात.

कृष्णाकाठ
पारिजातक दोन वर्षं झाला. अंगणातलं झाड बोडकं झालं. ताई आता घरातसुद्धा भिंत धरून चालते.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
वय ४३, वजन ४१, साईझ लहान. उंची किती हे राहिलं का?

कृष्णाकाठ
३ फूट ११ इंच. बाबा आणि आत्या पण तेवढेच होते. आम्हाला त्यात वेगळं काही वाटत नाही म्हणून लिहिलं नाही. त्याचा गुडघ्याशी काय संबंध?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
सगळा संबंध तिथेच आहे. जन्मतः कळलं होतं की चालायला लागल्यावर? डोकं-चेहरा कसा? बोटं? आजाराचं नाव काय सांगितलंय?

कृष्णाकाठ
जन्मली तेव्हा बाकीच्यांसारखीच होती म्हणे. चालायला लागली ती डुलत डुलत. चेहरा माझ्यासारखाच. बोटं आखूड, पण कशीही वाकतात. नाव कोणी सांगितलं नाही. लहानपणी मुडदूस म्हणून कॅल्शियम देत होते. आता उजवा गुडघा आत गेलाय, डावा बाहेर. उभी राहिली की वाऱ्याने झुकलेल्या झाडासारखे दोन्ही पाय एकाच बाजूला.

बेळगावकर
पाण्यात फ्लोराइड आहे का तपासा. आमच्याकडे सागर तालुक्यात, शिमोग्याजवळ, हांडिगोडू गावात असाच सांध्यांचा आजार निघाला होता. आधी भातखाचरातले खेकडे, कीटकनाशकं यांच्यावर संशय. शेवटी निघाला आनुवंशिक.

खडूस_काका
म्हणजे पाणी नाहीच ना? मग कशाला तपासायचं?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
न बघता निदान करत नाही, पण हे वर्णन स्यूडोअकॉन्ड्रोप्लेझिया या हाडं-कूर्चा नीट न वाढण्याच्या आनुवंशिक आजाराच्या जवळ जातं. कॉम्प नावाच्या जनुकातला दोष, आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. यात कूर्चा लवकर झिजते आणि लिगामेंट, म्हणजे सांध्याची हाडं बांधून ठेवणारे पट्टे, सैल असतात. आता महत्त्वाचं. भूल देण्याआधी मानेचा एक्स-रे, मान पुढे वाकवून एक आणि मागे नेऊन एक. मानेच्या दुसऱ्या मणक्याला दातासारखा सुळका असतो, तो या लोकांत कधी कधी पुरता वाढलेला नसतो. भूल देताना श्वासाची नळी घालायला मान मागे केली तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. कमरेत भूल देणार असतील तरी पाठीचा कणा आधी बघायचा, आणि डोस नेहमीच्या हिशोबाने नाही.

रोबोटिक_झिंदाबाद
एवढं घाबरवू नका. सरळ रोबोटिक करा. माझ्या बाबांचं झालं, तिसऱ्या दिवशी जिना.

डावाखुबा
तुमच्या बाबांची उंची? रोबोट काय साईझ विणून देतो का?
मला मल्टिपल एपिफिझियल डिस्प्लेझिया आहे, हाडांची टोकं नीट न घडण्याचा आजार, उंची ४ फूट ८. छत्तिसाव्या वर्षी डावा खुबा, एकेचाळिसाव्या वर्षी गुडघा. दोन वर्षं मीही गुडघा धरून रडत होतो, दुखणं निघालं खुब्याचं. ताईंच्या खुब्याचा एक्स-रे झालाय का? खुबाही खराब असेल तर बहुतेक सर्जन तो आधी करतात.

रोबोटिक_झिंदाबाद
पण मांडीचं हाड धनुष्यासारखं असेल तर नेहमीची सळई, जी हाडात घालून कापायची दिशा ठरवतात, ती आत जाणार नाही. तिथे नेव्हिगेशन (संगणकाने दिशा दाखवणं) किंवा रोबोटचा उपयोग होईल ना?

डावाखुबा
हे मात्र बरोबर. पण त्याआधी खुब्यापासून घोट्यापर्यंत उभं राहून एक्स-रे आणि सीटी, त्यावरून मापं. नेहमीची सगळ्यात लहान साईझ बसली तर उत्तम, नाही तर बनवून घ्यावी लागते, त्याला वेळ जातो. लिगामेंट फारच सैल असतील तर बिजागरीवाला गुडघा लागतो. हे तिन्ही पर्याय ऑपरेशनच्या आधी टेबलावर हवेत. "उघडल्यावर बघू" म्हणणाऱ्याकडे करू नका.
खर्च: ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने साध्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी कमाल किंमत लावली. ती फक्त इम्प्लांटची, आणि साध्याची. बनवून घ्यायचा असेल तर लेखी कोटेशन मागा.

पारिजात
उंची वाढवायचं इंजेक्शन आलंय ना आता? पेपरात वाचलं.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
व्होसोरिटाइड. ते अकॉन्ड्रोप्लेझियासाठी, तो बुटकेपणाचा वेगळा आजार, नाव सारखं असलं तरी, आणि हाडं अजून वाढत असलेल्या मुलांसाठी. ताईंचा आजार तो दिसत नाही आणि वय ४३. इथे उपयोग नाही.

बेळगावकर
अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलंय का? २०१६ च्या कायद्यात बुटकेपणा आहे, १४७ सेंमी किंवा कमी उंची.

कृष्णाकाठ
प्रमाणपत्र आहे. मी गुडघ्याचं विचारलं होतं.
मानेचं डॉक्टरांना फोनवर विचारलं. दोन सेकंद गप्प, मग म्हणाले "करून घेऊ". म्हणजे ठरलं नव्हतंच. आज एक्स-रे झाले, खुब्याचेही. शुक्रवार रद्द केला. रिपोर्ट घेऊन पुण्याला दुसऱ्या सर्जनकडे जातोय. आत्याची मान अशीच होती का माहीत नाही. शेवटी शेवटी तिच्या हातातून वाटी सुटायची, आम्ही म्हातारपण म्हणायचो.

डावाखुबा
ते वाटीचं पुण्यात नक्की सांगा, मानेत मज्जारज्जू दबला तरी असं होऊ शकतं. ताईंच्या हातापायाला मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे का, हेही विचारून ठेवा.
आणि एक, हे कोणी सांगत नाही. वॉकर आधीच बघा. मला मोठ्यांचा दिला होता, पार खाली केला तरी कोपर खांद्याशी यायचं. शेवटी लहान मुलांचा आणला. हात सैल सोडून उभं राहायचं, मनगटाच्या घडीपर्यंत मोजायचं, मूठ तेवढ्यावर हवी. कमोडला उंची वाढवणारी सीट देतील, ती घेऊ नका, पाय लोंबकळतात. त्यापेक्षा पायाखाली पाट.

कृष्णाकाठ
मुंग्या येतात. म्हणाली "तू कधी विचारलंस?"
मनगटापर्यंत मोजलं, ५८ सेंमी. लहान मुलांचा वॉकर सांगली-मिरजेत कुठे मिळतो?

खडूस_काका
मिळेल वॉकर, पुण्याहून आल्यावर बघा. आधी तिथे आत्या, वाटी, मुंग्या, सगळं एका कागदावर लिहून न्या. तुम्ही तोंडाने सांगायला गेलात की उंची विसरता.