मदत हवी आहे: सोवेटोतल्या अंत्यविधीला काय न्यावं, जेवणाचं काय करावं?

नोकरीमुळे जोहान्सबर्गला असतो. ऑफिसातल्या झुलू सहकाऱ्याची आई गेली. अंत्यविधी शनिवारी सकाळी, इथल्याच सोवेटो भागात. बोलावणं वगैरे नसतं, कळलं की जायचं. सध्या त्यांच्याकडे रोज संध्याकाळी प्रार्थना असते. शनिवारी शेजारच्या बायका तीन पायांच्या काळ्या हंड्यांत सगळ्यांचा स्वयंपाक करतील. खर्चाला बरिअल सोसायटी आहे, म्हणजे मयतासाठीची भिशीच म्हणा. उबुंटू, म्हणजे 'माणूस माणसांमुळेच माणूस' ही इथली शिकवण, म्हणतात ते हेच. 1995 मध्ये इथल्या संविधान न्यायालयाने फाशी रद्द करताना त्याचाच दाखला दिला होता, पण शनिवारी हातात काय न्यायचं ते निकालपत्रात सापडत नाही!

सहकारी म्हणतो, 'तुम्ही नुसते या.' नेटवर सगळं तत्त्वज्ञानच मिळतं. ऑफिसच्या वर्गणीचं पाकीट पोचलंय, त्यात माझे पैसे आहेत, म्हणून पुन्हा रोख रक्कम द्यायची नाही.

दफनभूमीवरून परतल्यावर हात धुऊन आत जायचं आणि जेवायचं, एवढं माहीत आहे. बहुतेक गाय कापतील. मी आणि बायको दोघं शाकाहारी. 'पाप' (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि चाकालाका (भाज्यांचं तिखट कालवण) आनंदाने खाऊ.

इथे राहिलेल्यांनी सांगावं: आधी एका संध्याकाळी प्रार्थनेला जाणं बरं, की शनिवारी गेलं तरी चालेल? मक्याचं पीठ, साखर, चहा असा शिधा नेला तर कुणाच्या हाती द्यायचा? बायकोने डोक्याला रुमाल बांधावा का? आणि वाढणाऱ्या आजीबाईंना न दुखावता मांस नको कसं म्हणायचं?